कॅलिफोर्नियाचं कलम ४६६: सॅकमध्ये स्लिम जिम सापडलं, आता पुढे काय?

प्रश्न: माझा मुलगा सॅन होजेला एमएस करतो. गेल्या आठवड्यात रात्री एकच्या सुमारास एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पोलिसांनी त्याला अडवलं. सॅकमध्ये स्लिम जिम (गाडीचं दार उघडायची पट्टी), दाराच्या फटीत घालून फुगवायची रबरी पिशवी, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि हातमोजे निघाले. त्याच्या जुन्या गाडीच्या कप होल्डरमध्ये स्पार्क प्लगचे पांढरे तुकडे होते. कलम ४६६ लावून तारखेचा कागद हातात दिला आणि सोडून दिलं. तो म्हणतो, चावी गाडीतच राहिलेल्या लोकांना दार उघडून द्यायचं काम तो रात्री रोख पैशांवर करतो. माझे मेहुणे सांगलीत फौजदारी वकील आहेत. त्यांचं म्हणणं, अवजारं का जवळ होती हे दाखवायची जबाबदारी आपली, तेव्हा पोलिसांकडे जाऊन सगळं खरं सांगून मोकळं व्हावं. अवजारं बाळगणं हाच गुन्हा आहे का? त्याने काय करावं? व्हिसाचं काय होईल?

उत्तर:

आज मुलाशी बोलाल तेव्हा एवढंच सांगा: पोलिसांकडे आपणहून जायचं नाही, फोनवर कोणालाही हकीकत सांगायची नाही, गाडीतलं किंवा खोलीतलं काहीही फेकायचं नाही आणि तारखेचा कागद जपून ठेवायचा. बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या मेहुण्यांचं चुकलेलं नाही, ते सांगलीचा कायदा सांगताहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण होतं हे दाखवायचं ओझं त्या कलमानेच सापडलेल्या माणसावर टाकलंय. अशा कायद्याखाली वर्षानुवर्षं कामं चालवलेला वकील अशिलाला लवकर तोंड उघडायलाच सांगणार. कॅलिफोर्नियात ते ओझं शेवटपर्यंत सरकारी पक्षावर असतं. अवजार जवळ होतं एवढं दाखवून त्यांचं निम्मंही काम होत नाही. ते कशासाठी बाळगलं होतं हेही त्यांनीच, वाजवी शंकेपलीकडे, सिद्ध करायचं असतं. सांता क्लारा आणि अलामेडा काउंटीत मी बरीच वर्षं फौजदारी बचावाची कामं करते. ही उरलेली बाजू बहुतेक वेळा आरोपीच, मदत करतोय अशा समजुतीने, बोलून भरून देतो.

कलम ४६६ म्हणजे कॅलिफोर्निया दंडसंहितेतलं घरफोडीच्या अवजारांचं कलम. त्याला वेळोवेळी ठिगळं लावत नेलंय, त्यामुळे वाचताना हार्डवेअरच्या दुकानाची यादी वाचल्यासारखं वाटतं: कुलूप उघडायच्या काड्या, कटावणी, स्क्रू ड्रायव्हर, व्हाइस ग्रिप, वॉटर पंप पक्कड, स्लाइड हॅमर, स्लिम जिम, टेन्शन बार, लॉक पिक गन, बंप की, मास्टर की, स्पार्क प्लगच्या चिनी मातीचे तुकडे आणि शेवटी ‘किंवा इतर साधन वा अवजार’. पण यादीच्या पुढचे शब्द महत्त्वाचे. इमारतीत, रेल्वेच्या डब्यात, विमानात, बोटीत किंवा वाहनात गुन्ह्याच्या हेतूने फोडण्यासाठी किंवा शिरण्यासाठी ते बाळगलेलं असलं पाहिजे. हेतू काढून घेतला तर कलमात काहीच उरत नाही, कारण यादीतला स्क्रू ड्रायव्हर या राज्यातल्या जवळपास प्रत्येक घरात सापडेल. रात्र-दिवसाची अटही इथे नाही. भर दुपारी हेतू सिद्ध झाला तरी गुन्हा होतो आणि मध्यरात्री तो सिद्ध झाला नाही तर होत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अवजारं बाळगणं हा आपोआप गुन्हा होत नाही. स्लिम जिमसुद्धा नाही, जरी त्याचं नाव यादीत असलं तरी. नाव यादीत असल्याने ‘हे अवजार कलमात बसतं का’ हा वाद तेवढा मिटतो, हेतूचा वाद तसाच राहतो.

गुन्हा मिसडिमीनर या वर्गातला आहे, म्हणजे आपल्याकडच्या किरकोळ गुन्ह्यांच्या जवळपासचा. जास्तीत जास्त सहा महिने काउंटीचा तुरुंग, एक हजार डॉलर दंड किंवा दोन्ही. दंडावर इथे वेगवेगळे अधिभार चढतात आणि भरायची रक्कम मूळ दंडाच्या कितीतरी पट होते, ते वेगळं. पहिल्याच वेळी, इतर काही आरोप नसताना प्रत्यक्ष तुरुंग क्वचितच होतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला काळजी आहे ती व्हिसाची, तुरुंगाची नव्हे. तिकडे येते.

आधी हेतू कसा सिद्ध करतात ते बघू. माणसाच्या डोक्यातलं कोणी बघू शकत नाही, म्हणून सरकारी वकील भोवतालच्या गोष्टींवर बोट ठेवतो. वेळ काय होती, जागा कोणाची होती, त्याचं तिथे काय काम होतं. कोणी ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरवर, फोन केला होता का, आणि केला असेल तर फोनवर नेमकं काय सांगितलं. ‘एक मुलगा गाड्यांच्या काचांवर टॉर्च मारत फिरतोय’ हे वाक्य रेकॉर्डवर असेल तर फार जड जातं. आसपास त्या रात्री कुठली गाडी फुटली होती का. दुसऱ्याच्या वस्तू जवळ सापडल्या का. पोलीस दिसल्यावर तो पळाला का, वस्तू टाकली का. आणि सर्वांत वर, तो काय बोलला. एखाद्या रिपोर्टमध्ये अवजारांची नोंद दोन ओळींत असते आणि आरोपीचं बोलणं पाऊण पान. तेही सलग नसतं: आधी ‘मित्राकडे आलो होतो’, मग मित्राचा फ्लॅट नंबर सांगता येत नाही, मग ‘गिऱ्हाइकाची वाट बघत होतो’. तिन्ही गोष्टी कदाचित खऱ्या असतील, पण कागदावर त्या बदलत गेलेल्या दिसतात आणि ज्युरीपुढे बदलती हकीकत म्हणजे लपवाछपवी. तुमचा मुलगा त्या रात्री किती बोलला हे बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण मिळाल्यावरच कळेल. जे बोलून झालंय ते झालं, त्यात आणखी भर घालायला पोलीस स्टेशनला जाऊ नये.

अवजार आणि हेतू यांची गाठ किती सैल असते याचं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी ह्युंदाई आणि किआच्या चावी फिरवून सुरू होणाऱ्या, इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्या अमेरिकाभर चोरीला जायला लागल्या, आणि त्यात चोरांच्या हातात असायची साधी यूएसबी केबल. आता यूएसबी केबल यादीत घालून काय होणार? राज्यातला प्रत्येक कॉलेजविद्यार्थी आरोपी होईल. इलेक्ट्रॉनिक चावीचा संकेत पकडून घेणाऱ्या उपकरणासाठी वेगळं कलम आहे, ४६६.९, आणि गाडीच्या मास्टर कीसाठी ४६६.५. दोन्हींत परत हेतू आहेच.

आता त्या पांढऱ्या तुकड्यांकडे वळते, कारण तुमच्या मुलाच्या सामानात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तीच.

स्पार्क प्लगच्या वरचा पांढरा भाग साध्या चिनी मातीचा नसतो, तो ॲल्युमिनाचा असतो, काचेहून कितीतरी कठीण. गाडीच्या बाजूच्या काचा टेम्पर्ड असतात, त्यांच्या आत ताण कोंडलेला असतो. कठीण, टोकदार कण आपटला की ताण एका बिंदूवर सुटतो आणि अख्खी काच भुरभुरून खाली येते, तीही फारसा आवाज न होता. गाड्या फोडणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत आहे आणि पोलिसांनाही. म्हणून टॉर्चच्या उजेडात कप होल्डरमध्ये तसला तुकडा चमकला की अधिकाऱ्याचा पुढचा सगळा विचार त्या दिशेने जातो.

या तुकड्यांचा कायद्यातला प्रवेशही मजेशीर आहे. २००१ मध्ये ‘पीपल विरुद्ध गॉर्डन’ (पीपल म्हणजे सरकारी पक्ष) या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं की तुकडे हे ४६६ मधलं ‘इतर अवजार’ नव्हे. यादीत तेव्हा होती ती कुलूप उघडायची, उचकटायची साधनं. काच फोडायला फेकायचा तुकडा त्या जातीत बसत नाही. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कलमात दुरुस्ती करून ‘स्पार्क प्लगच्या चिनी मातीचे तुकडे’ हे शब्दच घालून टाकले. न्यायालयाने दार लावलं की विधिमंडळ खिडकी उघडतं, हा इथला नेहमीचा खेळ आहे. नंतर २००७ च्या ‘पीपल विरुद्ध केली’मध्ये दुसऱ्या खंडपीठाने गॉर्डनचा अरुंद अर्थ अमान्य केला आणि गलोल व बॉक्स कटरसुद्धा अशी अवजारं ठरू शकतात असं सांगितलं. उलट २०१२ च्या ‘पीपल विरुद्ध डियाझ’मध्ये हातमोजे आणि पिशवी यांना न्यायालयाने अवजार मानायला नकार दिला, कारण त्यांनी काही फोडता किंवा उघडता येत नाही. तुमच्या मुलाच्या सॅकमधले हातमोजे म्हणून मला फारसे सतावत नाहीत. संशयाला हातभार लावतील, पण ते स्वतः कलमातलं साधन नव्हेत.

आमच्या कामाचा सर्वांत मोठा निकाल २०१९ चा, कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाचा, ‘इन रे एच. डब्ल्यू.’ एका अल्पवयीन मुलाने सिअर्सच्या दुकानात पक्कड वापरून जीन्सवरचा चोरीरोधक टॅग काढला. खालच्या न्यायालयांनी पकडीला घरफोडीचं अवजार ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं: दुकान उघडं होतं, मुलगा दारातून सरळ आत आला होता, पकडीने तो कुठेही ‘शिरला’ नव्हता. अवजार प्रत्यक्ष आत शिरण्यासाठी किंवा काही फोडण्यासाठी वापरायचा हेतू होता, हे सरकारने दाखवलंच पाहिजे. चोरीच्या वेळी जवळ असलेली किंवा चोरीला उपयोगी पडलेली वस्तू एवढ्याने भागत नाही. ४६६ च्या जवळजवळ प्रत्येक अर्जात आम्ही हा निकाल जोडतो.

तुमच्या मुलाला हे कसं लागू पडतं? त्याच्या सामानात दोन वेगळ्या धंद्यांची चिन्हं आहेत. स्लिम जिम, म्हणजे दाराच्या काचेच्या फटीतून आत सरकवायची खाच असलेली पोलादी पट्टी, आणि फुगवायची रबरी पिशवी, ही दार न बिघडवता उघडणाऱ्याची हत्यारं. गिऱ्हाइकाच्या गाडीला ओरखडाही पडू नये म्हणून तो ती पिशवी फुगवून अंगठाभर फट करतो आणि मगच आत पोचतो. काच फोडून तीस सेकंदांत बॅग घेऊन पळणाऱ्याला एवढा खटाटोप परवडत नाही. तुकडे मात्र काच फोडणाऱ्याचे. सरकारी वकील दोन्ही एकत्र ठेवून म्हणेल, बघा, दोन्ही तयारी होती. बचावाने ते वेगळे काढायचे: गाडी जुनी आहे, त्याने प्लग स्वतः बदलले, काढताना एकाचं इन्सुलेटर तडकलं, तुकडे कप होल्डरमध्ये टाकले. तसं घडलं असेल तर पुरावा असतो. उरलेले जुने प्लग गॅरेजच्या कोपऱ्यात असतील, नव्या प्लगच्या खरेदीची पावती किंवा कार्डावरची नोंद असेल, बॉनेट उघडून मित्राला पाठवलेला फोटो असेल, ज्याने पाना उसना दिला तो रूममेट असेल. हे सगळं वकिलाकडे गेलं पाहिजे, पोलिसांकडे नाही. आणि म्हणूनच वर म्हटलं, काही फेकू नका. पुरावा नष्ट करणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, आणि निर्दोष माणसाने घाबरून केलेली साफसफाईसुद्धा तशीच दिसते.

आता ‘सगळं खरं सांगून टाकावं’ याकडे येते. तुमच्या मुलाची खरी हकीकत ४६६ मधून त्याला सोडवू शकते, पण तीच दुसरीकडे अडकवू शकते.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही. रोख पैसे असोत, ॲपवरून असोत, आठवड्यातून एकदा असो. ‘मी चोर नाही, मी रात्री पैसे घेऊन गाड्या उघडून देतो’ हे वाक्य पोलिसांच्या रिपोर्टमध्ये गेलं की विद्यार्थ्याचा दर्जा मोडल्याची कबुली सरकारी कागदावर झाली. दुसरं, कॅलिफोर्नियात लॉकस्मिथचं काम करायला राज्याच्या ब्युरो ऑफ सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टिगेटिव्ह सर्व्हिसेसचं लायसन लागतं. चावी न बनवता फक्त गाडीचं दार उघडून देणाऱ्या टो ट्रकवाल्यांना कायद्यात सूट आहे, पण पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सुटीत बसवणं कठीण. लायसनवाले लॉकस्मिथ गाडीची नवी चावी बनवताना गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, लायसन नंबर, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि सही घेऊन ते कागद सांभाळून ठेवतात, तसा कायदाच आहे. तुमच्या मुलाकडे असलं काही नसणार. ‘अमक्या गिऱ्हाइकासाठी आलो होतो’ हे दाखवायला फार तर मेसेज असतील.

तर मग हकीकत कधी सांगायची, किती सांगायची, लेखी की तोंडी, सांगायचीच का, हा निर्णय दोन वकिलांनी एकत्र बसून घ्यायचा आहे: एक फौजदारी, एक इमिग्रेशनचा. अनेकदा आम्ही अजिबात सांगत नाही. सरकारी पक्षाला त्यांचा हेतूचा पुरावा मांडू देतो, आणि तो उभाच राहत नाही. खोटं मात्र मुळीच सांगायचं नाही, कुठल्याही टप्प्यावर, कोणालाही. गप्प बसायचा अधिकार राज्यघटनेने दिलेला आहे, खोटं बोलायचा नाही.

हे तुम्हा आई-वडिलांनाही लागू आहे, आणि आपल्या लोकांना समजवायला हे सर्वांत अवघड जातं. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं. आई-वडील आणि मुलगा यांच्यातल्या बोलण्याला कॅलिफोर्नियात असं कुठलंही संरक्षण नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने आत्याला लिहिलेला खुलासासुद्धा उद्या पुरावा होऊ शकतो. वकिलाच्या भेटीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही बसलात तर त्या भेटीची गुप्तताच धोक्यात येते. फी तुम्ही भरा, मुलाला धीर द्या, जेवतोस ना विचारा, पण त्या रात्री काय झालं हे विचारू नका. माझ्याकडे येणाऱ्या काही आयांना हे अपमानास्पद वाटतं. वाटू द्या.

खटल्याचा रस्ता असा. त्याला अटक करून लगेच सोडताना जो कागद दिला तो हजर राहण्याची नोटीस आहे. त्यावर सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. सांता क्लारा काउंटीत अशी फौजदारी कामं बहुतेक सॅन होजेच्या हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये चालतात. पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवतात, तिथे ‘नॉट गिल्टी’ म्हणायचं, बस. मिसडिमीनरमध्ये बहुतेक तारखांना वकील त्याच्या वतीने उभा राहू शकतो, परीक्षा बुडवायची गरज पडत नाही. मग वकील कागद मागवतो: रिपोर्ट, बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण, ९११ चा फोन. अडवायला पुरेसं कारण होतं का, सॅक कशाच्या जोरावर उघडली, गाडी तपासायला त्याने संमती दिली का, हे बघून झडती बेकायदा असेल तर पुरावा वगळण्याचा अर्ज करता येतो. तो मंजूर झाला तर अवजारंच पुराव्यातून जातात आणि खटल्यात काही शिल्लक राहत नाही. फोन घेतला असेल तर वॉरंटशिवाय तो उघडता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘रायली विरुद्ध कॅलिफोर्निया’त सांगितलंय. त्याने स्वतःच पासवर्ड दिला असेल तर गोष्ट वेगळी.

पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारने दिलेला बचावाचा वकील, फुकटचा म्हणून कच्चा, असं समजून घर गहाण टाकू नका. विद्यार्थ्याच्या उत्पन्नात तो बहुधा पात्र ठरेल, आणि हे वकील असल्या कलमांची कामं रोज चालवतात. बऱ्याच काउंटींच्या या कार्यालयांत इमिग्रेशनची बाजू बघणारे वकीलही असतात. खासगी वकील केलात तर पहिलाच प्रश्न विचारा: नागरिक नसलेल्या आरोपीची कामं किती केलीत? २०१० च्या ‘पडिया विरुद्ध केंटकी’ निकालापासून फौजदारी वकिलाने इमिग्रेशनवरच्या परिणामाचा सल्ला देणं बंधनकारक आहे, पण बंधनकारक असणं आणि जमणं यात अंतर असतं.

आणखी कुठले आरोप जोडले जातात तेही लक्षात असू द्या. ४६६ एकटं क्वचित येतं. दुसऱ्याच्या वाहनाशी छेडछाड हे वाहन संहितेचं कलम १०८५२. गाडीतून काही गेलं असेल तर ४५९, म्हणजे वाहनाची घरफोडी, जी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, म्हणूनही चालवता येते. या ४५९ मध्ये एक गंमत आहे: गाडीची दारं कुलूपबंद होती हे सिद्ध करावं लागतं. काच फुटलेली, बॅग गेलेली, आरोपी सापडलेला, आणि तरी खटला लटकायचा, कारण भाड्याची गाडी घेऊन आलेला पर्यटक परत आपल्या देशात गेलेला असायचा आणि ‘मी दार लॉक केलं होतं’ असं शपथेवर सांगायला कोणी नसायचं. सॅन फ्रान्सिस्कोत ज्याला ‘बिपिंग’ म्हणतात त्या काचफोडीने शहर हैराण होतं. कुलपाची ही अट टाळणारा, वर्षानुवर्षं अडलेला बदल शेवटी २०२४ मध्ये सेनेट बिल ९०५ म्हणून झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून नवं कलम ४६५ आलं. चोरीच्या हेतूने वाहनात जबरदस्तीने शिरणं एवढंच आता पुरतं, कुलपाची साक्ष लागत नाही. आणि जबरदस्ती म्हणजे काय हे सांगताना कलमात काच फोडण्याबरोबर स्लिम जिम, घासलेली चावी आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणंही आली आहेत. तुमच्या मुलाच्या प्रकरणात कुठलीही गाडी उघडलेली नाही असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. ते तसंच असेल तर ४६५ आणि ४५९ दोन्ही दूर राहतात.

आता व्हिसा. ४६६ ची कमाल शिक्षा सहा महिने. अमेरिकेत आल्यावर पाच वर्षांच्या आत केलेल्या नैतिक अधःपतनाच्या एका गुन्ह्यावरून हद्दपारी व्हायला त्या गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असली पाहिजे. म्हणून एकट्या ४६६ ने ते कलम लागत नाही. पण यावर विसंबून गुन्हा कबूल करणं वेडेपणा ठरेल, कारण चोरीच्या हेतूचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात, व्हिसाच्या मुलाखतीत, ग्रीन कार्डच्या टप्प्यावर आडवा येतो.

यावर कॅलिफोर्नियात एक चांगली वाट आहे, कलम १००१.९५ खालचं न्यायालयीन डायव्हर्जन. मिसडिमीनरमध्ये न्यायाधीश, सरकारी वकिलाचा विरोध असतानाही, खटला जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवून अटी घालू शकतात: समाजसेवा, एखादा वर्ग, नवा गुन्हा न करणं. अटी पुऱ्या झाल्या की खटला रद्द. मुद्दा असा की यात गुन्हा कबूल करावा लागत नाही, आणि कबुली किंवा दोषसिद्धी नसेल तर इमिग्रेशन कायद्याच्या व्याख्येत ते ‘कन्व्हिक्शन’ होत नाही. जुन्या धर्तीचे काही करार आधी ‘गिल्टी’ म्हणायला लावतात आणि नंतर खटला काढून टाकतात. राज्याच्या दृष्टीने ते स्वच्छ, फेडरल दृष्टीने दोषसिद्धी कायम. नागरिक नसलेल्याने असला करार घेऊ नये. डायव्हर्जन घेताना प्रसंगाची लेखी कबुली कुठे सही होऊन जात नाही ना, हेही वकिलाने डोळ्यांत तेल घालून बघायचं.

खटला रद्द झाला तरी ‘कधी अटक झाली होती का’ या व्हिसा अर्जातल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’च राहतं. राज्याने रेकॉर्ड सील केलं तरी. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यार्थी-दर्जाच्या सरकारी नोंदी पोलीस डेटाबेसमधल्या जुन्या, कधीकधी रद्द झालेल्या प्रकरणांवरून अचानक बंद केल्या गेल्या. न्यायालयांत दावे पडल्यावर त्या परत सुरू झाल्या, पण तोवर किती घरांची झोप गेली. म्हणून सल्ला असा: प्रकरण निकालात निघेपर्यंत आणि इमिग्रेशन वकिलाने हिरवा कंदील दाखवेपर्यंत त्याने भारतात येऊ नये. घरात लग्न असलं तरी नाही.

तुमच्यासारखेच प्रश्न इंग्लंड-कॅनडातल्या नातेवाइकांबद्दलही येतात, म्हणून दोन ओळी. इंग्लंडमध्ये १९६८ च्या थेफ्ट ॲक्टच्या कलम २५ खाली घराबाहेर चोरीची साधनं घेऊन निघणं हा तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या संसदेत मांडलेल्या विधेयकात गाडीचोरीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि कारण दाखवायचं ओझं बाळगणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या मेहुण्यांच्या ओळखीचीच पद्धत. कॅनडात गाडीची मास्टर की विकायलाच प्रांताचं लायसन लागतं, आणि २०२४ मध्ये गाडीचोरीसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरण बाळगण्याचा वेगळा गुन्हा आला. त्याच वर्षी तिथल्या सरकारने फ्लिपर झिरो या रेडिओ संकेत वाचून त्यांची नक्कल करणाऱ्या छोट्या यंत्रावर सरसकट बंदी जाहीर केली आणि सुरक्षातज्ज्ञांनी ओरड केल्यावर सूर मऊ केला. वस्तूवर बंदी घालायला गेलं की असंच होतं. मला कॅलिफोर्नियाची हेतूवर अडून बसायची पद्धत जास्त पटते, मी बचावाची वकील आहे म्हणून असेल कदाचित.

तुमच्या मुलासाठी आता उरलेली कामं थोडी आहेत. दार उघडून द्यायचं काम आजपासून बंद, ॲपवरचं खातं मात्र वकिलाला विचारल्याशिवाय पुसायचं नाही. पोलिसांनी परत न दिलेली अवजारं मागायला जायचं नाही. पहिल्या भेटीला वकिलाकडे नेण्यासाठी नोटीस, पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला दाखला), गाडीची कागदपत्रं आणि प्लगच्या खरेदीची पावती असेल तर ती, असं एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगा. आणि नोटिशीवरची तारीख कॅलेंडरमध्ये टाकायला लावा. त्या दिवशी तो किंवा त्याचा वकील हजर नसेल तर वॉरंट निघतं आणि हजर न राहण्याचा आणखी एक गुन्हा लागतो. तो सिद्ध करायला कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत.